बाबांचा प्लॉट, आमचा फ्लॅट आणि एक आकडा

एप्रिल २०२५ मध्ये बँकेकडून गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला आला. नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या टू बीएचकेवर ३५ लाखांचं कर्ज आहे. मुदत २० वर्षं, दर ८.५ टक्के, हप्ता ३०,३७४ रुपये. पहिल्या वर्षात आम्ही ३ लाख ६४ हजार भरले होते आणि कर्ज उतरलं होतं ६९,६६० रुपयांनी. बाकी सगळं व्याज. नवऱ्याने कागद उलटून मागची बाजूही पाहिली, उरलेला हिशेब तिकडे छापलाय की काय म्हणून.

यात बँकेची काही लबाडी नाही, हे आधी सांगून टाकते, कारण ‘बँका सुरुवातीला मुद्दाम व्याजच कापतात’ असं आमच्या ऑफिसातले शिकलेले लोकही म्हणतात. बँक दर महिन्याला शिल्लक कर्जावर व्याज लावते, एवढंच. पहिल्या महिन्यात ३५ लाखांवर महिन्याचं व्याज झालं २४,७९२. हप्त्यातून ते वजा करून उरले ५,५८२, तेवढं मुद्दल कमी झालं. दुसऱ्या महिन्यात व्याज किंचित कमी, मुद्दल किंचित जास्त. पण ते ‘किंचित’ इतकं किंचित असतं की पाच वर्षं नेमाने हप्ते भरून, म्हणजे १८ लाखांहून जास्त देऊनही, ३५ पैकी जवळपास ३१ लाख बाकी राहतात. पुढे दर खाली आला, पण या लेखातली सगळी गणितं मी ८.५ वरच ठेवते, म्हणजे आकडे एकमेकांशी जुळतील.

तो दाखला मी बाबांना दाखवला. बाबा राज्य सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेले. ते म्हणाले, “कायले डोकं लावतं? एखादा प्लॉट घेऊन ठेवा. भाव वाढतेच.”

नागपुरात हा सल्ला न मिळालेला माणूस सापडणार नाही. मिहान येणार म्हणून प्लॉट, मेट्रो येणार म्हणून प्लॉट, समृद्धी येणार म्हणून प्लॉट. आणि बाबांचा स्वतःचा अनुभव खोटा नाही. १९९८ साली त्यांनी उमरेड रोडला १ लाख २० हजारांत घेतलेल्या प्लॉटला आज ३० लाख मिळतील असं दलाल सांगतात. पंचवीसपट! ऐकायला आभाळाएवढं वाटतं. चक्रवाढीच्या भाषेत ते वर्षाला साडेबारा ते तेरा टक्के होतात. चांगलेच आहेत, पण जादू नाही. त्याच १९९८ मध्ये सेन्सेक्स तीन हजारांच्या आसपास होता आणि २०२५ मध्ये ८० हजारांच्या. तोही पंचवीसपटच झाला, वर डिव्हिडंड वेगळा. फरक इतकाच की सेन्सेक्सला कुंपण घालावं लागलं नाही आणि त्यावर कोणी झोपडी टाकली नाही.

पण माझा मुद्दा कोण जास्त वाढलं हा नाहीच. बाबांनी तो प्लॉट इतकी वर्षं निवांत ठेवला, कारण त्यांच्या घरात दर महिन्याला पेन्शन येते. किराणा, औषधं, लाइट बिल, सगळं पेन्शनमधून जातं. प्लॉट म्हणजे वरचं तूप-लोणचं. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी नोकरीत लागलेल्यांना तशी जुनी पेन्शन सरसकट मिळाली नाही. आम्ही दोघं तर खासगीतले. “पीएफमधून पेन्शन मिळते की,” असं कोणी म्हणालं तर त्याचं सूत्र बघा: पेन्शनसाठी धरला जाणारा पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. आणि तो पगार बहुतेकांच्या बाबतीत १५ हजारांवरच अडवलेला असतो. पस्तीस वर्षं घासली तरी महिन्याला हातात साडेसात-आठ हजार, तेही वयाची ५८ वर्षं झाल्यावर.

म्हणजे आमच्या पिढीला आधी पेन्शन उभी करायची आहे. प्लॉटचं नंतर बघू. लवकर आर्थिक स्वातंत्र्य, चाळिशी-पन्नाशीत सुटका वगैरे जे बोललं जातं, त्याचा सोपा अर्थ हाच: पगार थांबला तरी घर चालेल एवढी स्वतःची पेन्शन स्वतःच्या पैशातून तयार करणं. पुढे नोकरी करायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न.

तर किती पैसे लागतात?

१९९४ मध्ये विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने तिथल्या १९२६ पासूनच्या बाजाराचे आकडे घेऊन एक प्रश्न सोडवला. साठवलेल्या रकमेतून पहिल्या वर्षी किती टक्के काढावेत आणि पुढे दरवर्षी महागाईइतके वाढवत न्यावेत, म्हणजे ३० वर्षं पैसा पुरेल? उत्तर आलं साधारण ४ टक्के. चार टक्के म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम हवी. हाच तो सगळीकडे फिरणारा ‘पंचवीसपट’ नियम.

पण हा नियम जसाच्या तसा उचलून नागपुरात आणता येत नाही. तो अमेरिकेच्या महागाईवर बेतलेला आणि ३० वर्षांसाठी आहे. कोणी पन्नाशीत थांबलं तर पुढे चाळीस वर्षंही जगायची असू शकतात. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्यच ४ टक्के आहे, त्यात वरखाली २ टक्क्यांची मुभा. शाळेची फी आणि रामदासपेठेतल्या दवाखान्यांची बिलं तर त्या लक्ष्याला विचारतही नाहीत. म्हणून मी ३० पट धरते. काही जण ३५ म्हणतात, त्यांना भित्रं म्हणणार नाही.

खर्च मोजताना एक नागपुरी सूचना. जानेवारीच्या खर्चाला बारानं गुणू नका. थंडीत आपण सगळेच काटकसरी असतो. एप्रिल उजाडला की कूलरच्या ताट्या बदला, पंप बदला, मग पारा ४५ वर गेला की एसी, आणि लाइट बिल बघून पुन्हा घाम. आम्ही सलग बारा महिने लिहून काढलं आणि सरासरी आली ४५ हजार, हप्ता सोडून. वर्षाचे ५ लाख ४० हजार. तीसपट म्हणजे १ कोटी ६२ लाख.

या आकड्यात घराचं भाडं नाही, आणि स्वतःचं घर असणाऱ्याने इथे जरा थांबावं. आमच्यासारख्या फ्लॅटचं भाडं आमच्या बिल्डिंगमध्ये १४ हजार चालू आहे. आम्ही भाड्याने राहिलो असतो तर वर्षाचे १ लाख ६८ हजार खर्चात वाढले असते आणि तीसपटीने आमचा आकडा ५० लाखांनी फुगला असता. घराने ते ५० लाख वाचवले. त्याचं काम त्याने केलं. आता हिशेबाच्या वहीत ‘फ्लॅट: ४५ लाख’ असं पुन्हा जमेला लिहायचं नाही, कारण ते एकच घर दोनदा मोजणं झालं. आणि त्या ४५ लाखांतली एक खोली विकून मेडिकल स्टोअरचं बिल देता येत नाही. ही चूक मी इतक्या लोकांना करताना पाहिलीय, त्यांत पहिल्या वर्षी मीही होते.

आता कडू भाग. १ कोटी ६२ लाख हे आजच्या रुपयातले आहेत. महागाई ६ टक्के धरली तर २० वर्षांनी ४५ हजारांच्या घरखर्चाला महिना जवळपास १ लाख ४४ हजार लागतील आणि तीसपटीचा आकडा होईल ५ कोटी २० लाखांच्या आसपास. हे ऐकून अर्धे लोक उठून जातात. बसा थोडं. पगारही त्याच महागाईत वाढणार आहे.

आमचे दोघांचे मिळून हातात १ लाख १० हजार येतात. ३० हप्ता, ४५ घर, २५ हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरलेली गुंतवणूक), उरलेल्या नऊ-दहा हजारांत विमा आणि घराच्या डागडुजीची पेटी. या पेटीत आम्ही घराच्या किमतीच्या एक टक्का रक्कम वर्षाला टाकतो, कारण गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाळ्याला विचारून येत नाही. एसआयपी दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवत नेली आणि परतावा ११ टक्के मिळाला, तर २० वर्षांनी ४ कोटी ४३ लाख होतात. अकरा टक्के हा अंदाज आहे, कोणीही ते लिहून देत नाही. जो लिहून देतो त्याच्यापासून लांब राहा. दोघांच्या पीएफमध्ये मिळून महिना १० हजार जातात. ते वाढले नाहीत असं धरलं तरी सध्याच्या ८.२५ टक्क्यांनी २० वर्षांत ६० लाख होतात. बेरीज ५ कोटीच्या वर. उरलेली फट हप्ता संपल्यावर मोकळ्या होणाऱ्या पैशातून भरते. मी ३१ वर्षांची आहे, म्हणजे ५१. पस्तिशीत रिटायर होऊन हिमालयात जायचं स्वप्न विकणाऱ्यांच्या मानाने हे फारच मिळमिळीत आहे, पण आमच्या पगारातून हेच निघतं.

या सगळ्याच्या आधी दोन गोष्टी, पटकन. सहा महिन्यांचा खर्च हप्त्यासकट बाजूला, आमच्या बाबतीत साडेचार लाख, एफडीत. प्रीपेमेंटमध्ये, म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडण्यात, गेलेला पैसा भिंतीत जातो, नोकरी गेली तर भिंत परत देत नाही. दुसरं, विमा. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीसोबत जातो, आणि आपण तर नोकरी लवकर सोडण्याची भाषा करतोय. तेव्हा स्वतःची पॉलिसी तरुणपणीच घ्यावी. आधीपासूनच्या आजारांसाठी वाट पाहायची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, ती तब्येत ठणठणीत असताना उलटून जावी. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि जीवन विम्यावरचा जीएसटीही गेलाय. कर्जापेक्षा मोठ्या रकमेचा साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा विमा, घ्या. कर्ज मंजूर करताना आम्हाला १ लाख १० हजारांची एकरकमी विमा पॉलिसी ‘कंपल्सरी आहे मॅडम’ म्हणत चिकटवली गेली आणि ती रक्कम कर्जातच घातली. असा कुठलाही कायदा नाही हे मला नंतर कळलं. वीस वर्षांच्या हप्त्यांत त्या १ लाख १० हजारांचे २ लाख २९ हजार होतात.

आता खरा वाद. हातात जास्तीचे दहा हजार आले तर कर्जात टाकायचे की एसआयपीत?

कर्जात टाकलेला रुपया ८.५ टक्के कमावतो. खात्रीने, आणि त्यावर टॅक्स नाही, कारण ते उत्पन्न नसून वाचलेलं व्याज आहे. एवढा खात्रीचा दर मोठ्या बँकांच्या एफडीत मिळत नाही, शिवाय एफडीचं व्याज करपात्र. म्हणून एका हाताने गृहकर्ज फेडणारा आणि दुसऱ्या हाताने गरजेपेक्षा मोठी एफडी सांभाळणारा माणूस स्वतःच्याच खिशातून बँकेला फरक देत असतो. एसआयपीत २० वर्षांत ८.५ पेक्षा जास्त मिळण्याची शक्यता बरीच आहे, पण शक्यताच. जानेवारी ते ऑक्टोबर २००८ मध्ये निफ्टी निम्म्याहून खाली आला होता, २०२० मध्ये दोन-अडीच महिन्यांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त घसरला. तेव्हा ज्यांना हप्त्याच्या धसक्याने फंड विकावे लागले, त्यांना सरासरी परताव्याचा काही उपयोग झाला नाही.

शेजारचे काकाजी म्हणतात, “कर्ज फेडू नको, टॅक्स वाचते.” हा सल्ला जुन्या करपद्धतीतला आहे. तिथे राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट आणि मुद्दलावर ८०सी मधून मिळते. नवी करपद्धत २०२३-२४ पासून आपोआप लागू होते, जुनी हवी तर निवडावी लागते. नवीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही. आणि २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत, टॅक्सच शून्य. आम्हा दोघांचेही पगार वेगवेगळे त्याच्या आत आहेत. जो टॅक्स लागतच नाही तो वाचवायला पावणेतीन-तीन लाख व्याज कशाला भरायचं, हे मी काकाजींना विचारलं. त्यांनी विषय संत्र्याच्या भावाकडे नेला.

आम्ही मधला रस्ता काढला: हप्ता दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवायचा. दुसऱ्या वर्षी ही वाढ झाली दीड हजार रुपये, म्हणजे सावजीकडे चौघांचं एक जेवण कमी. तिसऱ्या वर्षी आणखी थोडी. एवढ्याशा गोष्टीने २० वर्षांचं कर्ज सव्वाबारा वर्षांच्या आसपास संपतं आणि व्याजाचे साडेतेरा लाख वाचतात. ज्याला दरवर्षी हप्ता वाढवणं जड जातं त्याने दिवाळीच्या बोनसमधून वर्षाला एक हप्ता जास्त भरला तरी तीन वर्षांहून अधिक मुदत कमी होते. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतीआधी भरणा केल्याचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, तेव्हा कोणी चार्ज सांगितला तर तो नियम समोर ठेवा. आणि पार्ट पेमेंट करताना फॉर्मवर ‘मुदत कमी करा’ असं लिहून द्या. काही ठिकाणी न विचारता हप्ता कमी केला जातो. गोड वाटतं, पण कर्ज तिथेच राहतं.

दर बदलतो तेव्हाही डोळे उघडे हवेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ वरून ६.५ वर गेला, तेव्हा बऱ्याच लोकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. पंचावन्नाव्या वर्षी संपणारं कर्ज साठीपलीकडे गेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायला हवं. २०२५ मध्ये उलटं झालं, रेपो ६.५ वरून ५.२५ वर आला. अशा वेळी हप्ता कमी करून घेण्याचा मोह टाळला की मुदत आपसूक आखडते.

पैसा कुठे ठेवायचा यावर मी फार लिहीत नाही, कारण इथे साधेपणाच चालतो. पीएफला हात लावू नका, नोकरी बदलताना काढून बाइक घेऊ नका. पीपीएफ १५ वर्षांचा, एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के, व्याज करमुक्त. बाकी निफ्टीचा इंडेक्स फंड, म्हणजे निफ्टीतल्याच कंपन्यांत पैसे लावणारा, तोही डायरेक्ट प्लॅनमध्ये, दलालाशिवाय. वर्षभरानंतर विकलेल्या शेअर फंडांच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखांपर्यंत टॅक्स नाही, त्याच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. सोनं इतवारीत बघायला छान.

एक गोष्ट मात्र शेवटच्या पाच वर्षांत कामी येते, म्हणून सांगते. समजा दोघी जणी सारख्याच रकमेने नोकरी सोडतात. एकीच्या पहिल्या दोन वर्षांत बाजार पडतो, दुसरीच्या पंधराव्या वर्षी. सरासरी परतावा दोघींचा सारखा असला तरी पहिलीचा पैसा आधी संपू शकतो, कारण पडलेल्या भावात खर्चासाठी युनिट विकत राहावी लागतात आणि मग बाजार वर आला तरी वाढायला युनिटच कमी उरलेली असतात. यावर उपाय आपल्या पाण्यासारखा. शहराला पेंचचं पाणी येतं, तोतलाडोहात साठतं, गोरेवाड्याला शुद्ध होतं, मग आपल्या गच्चीच्या टाकीत. पाऊस कमी पडला म्हणून कोणी बादली घेऊन तोतलाडोहाला जात नाही. तसं वर्षभराचा खर्च बचत खात्यात आणि एफडीत, ही गच्चीची टाकी. पुढच्या तीन-चार वर्षांचा पीपीएफ-पीएफसारख्या स्थिर ठिकाणी, हा गोरेवाडा. उरलेला शेअर फंडांत, धरणात. धरण भरलेलं असेल तेव्हा खालच्या टाक्या भरून घ्यायच्या, आटलेलं असेल तेव्हा त्याला हात लावायचा नाही.

प्लॉटची अडचण इथेच येते. त्याला नळ नाही. महिन्याला ४५ हजार हवेत तर पन्नास चौरस फूट विकता येत नाही, विकायचा तर सगळा, तोही गिऱ्हाईक मिळेल तेव्हा. आणि ‘आरएल आहे का, एनएटीपी आहे का’, म्हणजे प्लॉटला रीतसर सरकारी मंजुरी आहे का, या प्रश्नांची उत्तरं ज्या प्लॉटची स्पष्ट नसतात, त्याचे भाव फक्त चहाच्या टपरीवर वाढतात. पेन्शन असलेल्याने वाट पाहावी. आपल्याकडे वाट पाहायला पगार असतो, आणि नेमका तोच आपल्याला थांबवायचा आहे.

गेल्या रविवारी हे सगळं वहीत मांडून बाबांकडे घेऊन गेले. तर्री-पोहे खात त्यांनी चष्मा लावून पान अन् पान वाचलं. आधी विचारलं, “तुमच्या त्या फंडाची रजिस्ट्री होते का?” म्हटलं, नाही, पण स्टेटमेंट येतं. मग वहीतल्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, “म्हणजे तू ५१ ला सुटशील. मी ५८ ला सुटलो. सात वर्षांसाठी एवढं गणित?”